लायसन बंदुकीचं, शिकारीचं नव्हे : धनुष्यबाणापासून ठासणीच्या बंदुकीपर्यंत नोंदणीचे नियम

भात पोटरीत आलं की खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातली झोप उडते. जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नागरगाळी पट्ट्यात रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवून जातो. रताळी उकरली जातात, ऊस मोडला जातो, गवा शिरला तर मेरसुद्धा शिल्लक राहत नाही. शेजारच्या चंदगड, आजरा, दोडामार्ग आणि गोव्याच्या सत्तरीतही हेच चित्र आहे. शेतकरी माळ्यावर बसून डबे वाजवतो, बॅटरी मारतो, फटाके लावतो. ज्याच्याकडे आहे तो बंदूक काढतो.

आणि इथंच घोळ होतो. "लायसन आहे, मग भीती कसली?" असं अनेकांना वाटतं. "धनुष्याला कुठं लायसन लागतं?" असंही काही जण म्हणतात. दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत. उरलेलं अर्ध माहीत नसल्यामुळे पीक वाचवायला गेलेला माणूस कोर्टाच्या फेऱ्यांत अडकू शकतो. म्हणून हत्यारांचा परवाना, नोंदणी आणि वापर यांचे नियम इथे एकत्र दिले आहेत.

थोडक्यात

- बंदूक बाळगायला शस्त्र कायद्याचा परवाना लागतो. धनुष्यबाण घरात ठेवायला तसा परवाना लागत नाही.
- वन्यजीव कायद्यात मात्र बंदूक, धनुष्यबाण, फास, जाळं, विष ही सगळी 'हत्यारं' आहेत.
- अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वनखात्याकडे वेगळी नोंदणी करायची असते.
- बंदुकीचं लायसन म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. ती लेखी आणि वेगळी घ्यावी लागते.
- पीक खाल्लं एवढ्या कारणावरून गव्याला किंवा हत्तीला मारायची परवानगी कायद्यात नाही.

दोन कायदे, दोन खाती

हत्यार कोणी बाळगायचं हे शस्त्र कायदा १९५९ ठरवतो. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. परवाना जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे 'डीसी' म्हणतात ते, देतात. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हे काम पोलीस आयुक्तांकडे असतं. त्यामुळे बेळगाव शहरातल्या माणसाचा आणि खानापूरच्या खेड्यातल्या माणसाचा अर्ज एकाच टेबलावर जाईल असं धरून चालू नये.

त्या हत्यारानं रानातल्या कोणत्या जनावराला काय करता येतं हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ठरवतो. हे खातं फॉरेस्टचं. राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक हा इथला सर्वात वरचा अधिकारी. त्यानं नेमलेले अधिकारी त्याच्या वतीनं काम पाहतात.

या दोन कायद्यांचा संबंध फार थोड्यांच्या लक्षात येतो. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याच्या कागदाची जागा घेत नाही. डीसी ऑफिसचं लायसन दाखवून फॉरेस्टच्या गुन्ह्यातून सुटका होत नाही. तसंच फॉरेस्टनं परवानगी दिली म्हणून विनापरवाना बंदूक कायदेशीर होत नाही.

धनुष्यबाण : नाव गेलं, जबाबदारी राहिली

इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यात 'हत्यारं' या शब्दाच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या कायद्यात व्याख्या बदलली. आता हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली कोणतीही वस्तू, त्यात बंदुका, धारदार आणि इतर प्राणघातक हत्यारं, अशी ती व्याख्या आहे. फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी हातातली काठी, त्यातून वगळल्या आहेत. खेळणीही वगळली आहेत. धनुष्यबाणाचं नाव या व्याख्येत राहिलं नाही.

परवान्याची सक्ती दोन कलमांत आहे. कलम ३ बंदूक आणि दारूगोळ्यापुरतं आहे. ते देशभर लागू आहे. कलम ४ इतर हत्यारांसाठी आहे, पण केंद्र सरकारनं एखाद्या भागासाठी आणि ठरावीक प्रकारच्या हत्यारांसाठी अधिसूचना काढली तरच ते लागू होतं. त्यामुळे तिरंदाजीचा सराव करणारा मुलगा किंवा भिंतीवर धनुष्य टांगणारा माणूस यांना बंदुकीसारखं लायसन काढावं लागत नाही.

पण हेच धनुष्य घेऊन रानात शिरलं की दुसरा कायदा सुरू होतो. वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत 'हत्यार' म्हणजे दारूगोळा, धनुष्यबाण, स्फोटकं, बंदुका, गळ, सुरे, जाळी, विष, फास, सापळे. जनावराला बेशुद्ध करणारं, भुलवणारं, जखमी करणारं किंवा मारणारं कोणतंही साधनही त्यातच येतं. म्हणजे १९५९ च्या व्याख्येतून ज्याचं नाव गेलं, ते १९७२ मध्ये दुसऱ्या दारानं परत आलं.

'शिकार' या शब्दाचा अर्थही कायद्यात रोजच्या बोलण्यापेक्षा मोठा आहे. मारणं तर आलंच. पण पकडणं, विष घालणं, फास किंवा सापळा लावणं, हाका घालून उठवणं, आमिष लावणं, जखमी करणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नासवणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच धरलं जातं. बाण चुकला म्हणून गुन्हा चुकत नाही. हाक्याला नुसतं आरडाओरडा करायला गेलेला पोरगाही त्यात येऊ शकतो.

छऱ्याच्या एअरगनचंही तसंच. ठरावीक ताकदीच्या आतल्या ०.१७७ बोअरच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती जत्रेत आणि दुकानात सहज दिसते. पण तिनं कवड्या, होले किंवा ससे टिपले तर तो वन्यजीव कायद्याचा विषय होतो.

कलम ३४ : अभयारण्याजवळची नोंदणी

आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी माहीत असलेलं कलम हे आहे.

एखादं क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं की तीन महिन्यांच्या आत, त्या अभयारण्यात किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकानं आपल्या नावाची नोंदणी करून घेण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. ठरलेला नमुना, ठरलेली फी. ज्यांना शस्त्र कायद्यातून सूट आहे आणि ज्यांच्याकडे हत्यार आहे, त्यांनाही हे लागू आहे.

याच कलमात पुढे आहे की या १० किलोमीटरच्या पट्ट्यात नवीन शस्त्र परवाना द्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती हवी. डीसी ऑफिसमध्ये फाइल महिनोन् महिने का थांबते याचं एक कारण इथं असू शकतं. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून या पट्ट्यातल्या परवान्याचं नूतनीकरणही वनखात्याला कळवूनच करायचं आहे. राष्ट्रीय उद्यानांच्या भोवतीही हेच कलम लागू पडतं.

आता आपला नकाशा पाहा. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. ते २०११ मध्ये जाहीर झालं. त्याला लागून गोव्याच्या हद्दीत म्हादई अभयारण्य आहे, ते १९९९ चं. मोलेचं राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्य त्याच डोंगररांगेत. दक्षिणेला दांडेली-अणशीचं जंगल, म्हणजे आजचा काळी व्याघ्र प्रकल्प. गोकाक भागात घटप्रभा पक्षी अभयारण्य. कोल्हापूरच्या बाजूला राधानगरी, जिथल्या गव्यांसाठी दाजीपूर प्रसिद्ध आहे. सीमाभागातली बरीच गावं यांपैकी कुठल्या ना कुठल्या अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत पडतात.

इथं दोन गैरसमज आधी दूर करायला हवेत.

पहिला गैरसमज इको सेन्सिटिव्ह झोनचा. हा झोन वेगळा. त्याची हद्द प्रत्येक अभयारण्यासाठी वेगळ्या अधिसूचनेनं ठरते आणि ती बांधकाम, खाण, कारखाने यांच्यासाठी असते. "आमचं गाव झोनमधून वगळलं" म्हणून हत्यार नोंदणीची जबाबदारी संपत नाही. कलम ३४ मधले १० किलोमीटर कायद्यातच लिहिलेले आहेत.

दुसरा गैरसमज राज्याच्या हद्दीचा. कलमात अंतर लिहिलंय, राज्य नाही. कणकुंबी भागातल्या माणसाला भीमगड जवळ आहे, तसं म्हादईही जवळ आहे. अशा वेळी आपल्याच राज्याच्या वनखात्याकडे अर्ज करावा आणि त्यात दोन्ही अभयारण्यांचा उल्लेख करावा, हे सुरक्षित. रस्त्यानं अंतर किती पडतं यावर स्वतःच हिशेब करू नये. नकाशावरची हद्द वनखात्याकडून लेखी विचारून घ्यावी.

तीन महिन्यांची मुदत कधीच उलटून गेली, आता काय? गप्प बसणं हा उपाय नव्हे. विभागीय वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयात परवान्याची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. उद्या शेताजवळ एखादं जनावर मेलेलं सापडलं आणि फॉरेस्टवाले गावातल्या बंदुकांची चौकशी करू लागले, तर हातात पोच असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्यात फार फरक पडतो.

हत्यार घेऊन अभयारण्यात

कलम ३१ एका ओळीचं आहे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणतंही हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. हत्यार म्हणजे वर सांगितलेली सगळी यादी. म्हणजे परवाना असलेली बंदूकसुद्धा, आणि परवाना न लागणारं धनुष्यसुद्धा.

हेम्माडग्यावरून अनमोडकडे जाणाऱ्या वाटेसारख्या अभयारण्यातल्या रस्त्यावरून गाडीच्या डिकीत बंदूक घेऊन जाणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. "आम्ही फक्त जात होतो" हे उत्तर तिथं पुरत नाही. आमगाव, गवाळी यांसारख्या जंगलातल्या गावांत राहणाऱ्या परवानाधारकांनी तर आपली नोंदणी आणि बंदूक ने-आण करायची परवानगी, दोन्ही कागद एकत्र ठेवावेत.

पीक संरक्षणाचं लायसन कसं असतं?

शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखणीचा खास उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, म्हणजे साध्या काडतुसाच्या बंदुकीचा, परवानाही देता येतो. त्यासाठी जमिनीचा उतारा, राहण्याचा पुरावा, पिकाच्या नुकसानीची कागदपत्रं यांचा उपयोग होतो. पोलिसांचा अहवाल लागतोच. अर्जदार २१ वर्षांचा पूर्ण हवा.

काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवायच्या :

- २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षांवर गेली.
- त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडे जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. आधी ३ चालत होत्या.
- परवान्यावर यूआयएन, म्हणजे देशपातळीवरच्या नोंदीतला खास क्रमांक हवा. जुन्या वहीतलं, क्रमांक न चढवलेलं लायसन आज ग्राह्य धरलं जात नाही.
- परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. भाऊ, गडी किंवा शेजारी ती बंदूक घेऊन रानात गेला तर तो विनापरवाना ठरतो आणि देणाराही अडकतो. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यायची असेल तर परवानाधारकानं लेखी अधिकारपत्र द्यावं.
- परवान्यावर तो कोणत्या भागात चालतो हे लिहिलेलं असतं. खानापूरचं लायसन घेऊन चंदगडच्या पाहुण्यांकडे किंवा वाळपईच्या बाजूला बंदूक नेण्याआधी ती ओळ वाचावी. आपल्याकडे शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात असलेली माणसं आहेत. त्यांनी अर्ज करतानाच दोन्ही ठिकाणांचा उल्लेख करून घ्यावा.
- परवाना नाकारला, निलंबित केला किंवा रद्द केला तर कलम १८ खाली अपील करता येतं. त्यासाठी नकाराचा लेखी आदेश मागून घ्यावा.

मग शेतातलं डुक्कर मारता येतं का?

नुसत्या लायसनवर नाही. हे वाक्य घरातल्या बंदुकीच्या पेटीवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे.

एके काळी शिकारीचे परवाने मिळत होते. १९९१ च्या दुरुस्तीनं हौशी शिकार बंद झाली. आज अनुसूची १ आणि २ मधल्या कोणत्याही प्राण्याची शिकार करायला मनाई आहे. गवा, हत्ती, बिबट्या, मोर, खवलेमांजर आणि घोरपडसुद्धा अनुसूची १ मध्ये आहेत. रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं उपद्रवी प्राण्यांची जुनी वेगळी अनुसूची रद्द झाली. आता केंद्र सरकार ठरावीक भागासाठी आणि ठरावीक काळासाठी अनुसूची २ मधला एखादा प्राणी उपद्रवी म्हणून जाहीर करू शकतं. तसं जाहीर झालेलं नसेल तोवर डुक्करही संरक्षितच.

अपवाद कलम ११ मध्ये आहे, आणि तिथं दोन अनुसूचींना दोन मापं आहेत.

अनुसूची २ मधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकारी कारणं लिहून, लेखी आदेशानं त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. उभं पीक यात मालमत्ता म्हणून स्पष्ट धरलेलं आहे. त्यामुळे रानडुकरासाठी हा रस्ता शेतकऱ्याला खुला आहे. अर्ज करायचा, नुकसानीचे फोटो, पंचनामा जोडायचा आणि आदेश हातात आल्यावरच, त्यातल्या अटींनुसार बार काढायचा.

अनुसूची १ मधल्या प्राण्याचं मात्र वेगळं आहे. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. त्यातही आधी पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे हलवणं शक्य आहे का ते पाहावं लागतं. पिकाचं नुकसान हे कारण इथं नाही. गव्यानं एकरभर ऊस आडवा केला तरी त्याच्यावर गोळी चालवता येत नाही. तिथं मार्ग नुकसानभरपाईचा. कर्नाटकात वनखात्याच्या ई-परिहार पोर्टलवरून भरपाईची प्रकरणं चालतात. पीक काढून टाकायच्या आधी फोटो आणि पंचनामा झालेला हवा.

अंगावर आलं तर? स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना सद्हेतूनं जनावर मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. पण त्या क्षणी तो माणूस आधीच कायदा मोडत असेल, उदाहरणार्थ हत्यार घेऊन अभयारण्यात बेकायदा शिरला असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. आणि मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. मांस वाटून घेतलं की बचावाची बाजू तिथंच संपते.

फास, गावठी बॉम्ब आणि करंट

ज्यांच्याकडे बंदूक नाही ते बऱ्याचदा सोपा वाटणारा मार्ग धरतात. कुंपणात तारेचा फास, आमिषात गुंडाळलेला गावठी बॉम्ब, नाही तर बांधावर सोडलेला करंट. यांना 'लायसन लागत नाही' कारण यांचं लायसन मिळतच नाही. फास आणि स्फोटकं ही वन्यजीव कायद्यातली हत्यारं आहेतच. शिवाय गावठी बॉम्बला स्फोटकांचा कायदा लागतो आणि करंटला वीज कायदा.

फासाला आणि बॉम्बला जनावर ओळखता येत नाही. डुकरासाठी ठेवलेला बॉम्ब चरायला सोडलेल्या गाईच्या तोंडात फुटतो. तारेच्या करंटवर पहाटे पाणी पाजायला गेलेला शेजारी पडतो. मग वन्यजीवांच्या गुन्ह्याच्या जोडीला मनुष्यवधाचा गुन्हा येतो.

आजोबांची बंदूक, खंडेनवमीची तलवार

सीमाभागातल्या अनेक घरांत जुनी ठासणीची बंदूक असते. ज्याच्या नावावर लायसन होतं तो गेला की त्या क्षणापासून घरच्यांचा ताबा कायदेशीर राहत नाही. कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. त्यानंतर वारसानं स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करायचा. परवानाधारक हयात असतानाही सोय आहे. त्यानं वयाची ७० वर्षं पूर्ण केली असतील किंवा २५ वर्षं बंदूक बाळगली असेल, तर तो वारसाचं नाव सुचवू शकतो. घरात वाद नको असेल तर हे काम हयातीतच उरकावं.

खंडेनवमीला पुजली जाणारी तलवार बंदुकीच्या वर्गात येत नाही. पण तलवार, खंजीर, भाला आणि ९ इंचांपेक्षा लांब पात्याचे सुरे शस्त्र नियमांच्या यादीत आहेत. आपल्या भागात कलम ४ ची अधिसूचना आहे का हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. मिरवणुकीत, जमावबंदीच्या काळात ती उघडी मिरवणं हा तर वेगळाच गुन्हा होऊ शकतो.

निवडणूक आली की बंदूक जमा?

आचारसंहिता लागली की पोलिसांची नोटीस येते आणि बंदुका ठाण्यात जातात. पीक नेमकं त्याच वेळी उभं असतं, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर निवडणूक आयोगानं यासाठी छाननी समितीची पद्धत घालून दिली. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करण्याऐवजी, कोणाची जमा करायची हे समितीनं प्रकरण पाहून ठरवायचं असतं. ज्याच्यावर गुन्हे नाहीत आणि ज्याचं पीक उभं आहे, त्यानं नोटीस आल्यावर त्या समितीकडे लेखी विनंती करावी. विनंती मान्य होईपर्यंत मात्र आदेश पाळावा. जमा केल्याची पावती जपून ठेवावी.

शिक्षा किती?

- विनापरवाना बंदूक किंवा काडतुसं बाळगणं : २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि दंड.
- लग्न-वरातीत हवेत बार काढून कोणाच्या जिवाला धोका निर्माण करणं : २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदुकीला लायसन आहे की नाही हा इथं प्रश्नच नाही.
- वन्यजीव कायद्यातल्या तरतुदीचा भंग : साधारणपणे ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- अनुसूची १ मधल्या प्राण्याची शिकार किंवा अभयारण्यात शिकार : किमान ३ वर्षं ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.
- वन्यजीव गुन्ह्यात दोषी ठरल्यास कोर्ट त्या हत्याराचं लायसन रद्द करू शकतं आणि पुढची ५ वर्षं त्या माणसाला नवीन लायसन मिळत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कूर्गात बंदुकीला लायसन लागत नाही म्हणतात. मग आपल्याला का?*
कोडगू जिल्ह्यातल्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना शस्त्र कायद्याच्या कलम ३ आणि ४ मधून जुनी सूट आहे. केंद्र सरकारनं ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. ती त्या समाजापुरती आहे, सगळ्या कर्नाटकाला नाही. आणि सूट बाळगण्याची आहे, शिकारीची नाही. वन्यजीव कायदा तिथंही तसाच लागू आहे.

*आम्ही पिढ्यान् पिढ्या जंगलात राहतो. धनुष्य, फासकी आमची परंपरा. वनहक्क कायद्यात ते नाही का?*
नाही. २००६ चा वनहक्क कायदा जमीन, चराई, गौण वनोपज आणि इतर परंपरागत हक्क मान्य करतो, पण शिकार आणि फास लावण्याचा हक्क त्यानं स्पष्ट शब्दांत वगळला आहे. वन्यजीव कायद्यात जमातींच्या शिकारीच्या हक्काला हात लावलेला नाही तो फक्त निकोबार बेटांपुरता.

*नुसता हवेत बार काढून डुकरं पळवली तर?*
हाकलणं आणि मारणं यात फरक आहे, पण रात्री कुठल्या दिशेला बार गेला हे सिद्ध करणं अवघड. अभयारण्याच्या हद्दीजवळ तर हा धोका घेऊच नये. आवाजासाठी डबे, ढोल, भोंगे बरे.

या हंगामाआधी उरकायची कामं

१. परवाना काढून मुदत, यूआयएन आणि चालण्याचा भाग तपासा. मुदत संपायला दोन महिने असतानाच नूतनीकरणाचा अर्ज द्या.

२. आपलं गाव कोणत्या अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत येतं ते आरएफओ कार्यालयातून लेखी विचारा. येत असेल तर कलम ३४ खाली नोंदणीचा अर्ज द्या, पोच घ्या.

३. रानडुकरांचा त्रास असेल तर कलम ११ खालच्या परवानगीचा अर्ज नुकसान सुरू होताच करा. पीक गेल्यावर केलेल्या अर्जाचा उपयोग नाही. ग्रामपंचायतीचा ठराव जोडल्यास अनेक शेतकऱ्यांचं म्हणणं एकदम पोचतं.

४. बेळगाव जिल्ह्यात बरेच फॉर्म आणि नोटिसा कन्नडमध्ये असतात. जाणत्या माणसाकडून मजकूर समजून घेतल्याशिवाय सही करू नका. विशेषतः जबाब किंवा पंचनाम्यावर तर नाहीच.

५. मयत माणसाच्या नावावरची बंदूक घरात असेल तर आजच पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या.

६. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढा. एक बंदुकीबरोबर, एक घरात.

पीक वाचवणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि कायद्यानं त्याला वाटही ठेवली आहे. ती वाट दोन कार्यालयांतून जाते, लांबची आहे आणि कंटाळवाणीही आहे. पण एका डुकरापायी बंदूक, लायसन आणि तीन वर्षं घालवण्यापेक्षा ती स्वस्त पडते.